शेल्फला नाव कुणी द्यायचं?

गुडरीड्सवर पुस्तकाला तारे देता येतात, परीक्षण लिहिता येतं आणि पुस्तक एखाद्या शेल्फवर ठेवता येतं. यातलं तिसरं काम मला सगळ्यांत आवडतं. वाचलेली, वाचत असलेली आणि वाचायची अशी तीन शेल्फं साइटने आधीच दिलेली असतात. पुढची आपण आपल्या मनाने करायची. माझ्याकडे 'अर्धवट सोडलेली' आहे, 'आईने आधी वाचलेली' आहे आणि 'पहिली ऐंशी पानं सहन करा' नावाचंही एक आहे. त्या शेवटच्या शेल्फवर नऊ पुस्तकं आहेत. त्यांच्याबद्दल मला जे म्हणायचंय, ते जवळपास सगळं त्या नावातच आलंय. शेल्फचं नाव म्हणजे समीक्षेचा सगळ्यांत छोटा प्रकार. चार शब्दांत मत दिलं आणि वर्गीकरणही झालं.

२० सप्टेंबर २०१३ रोजी, एका शुक्रवारी, गुडरीड्सने अशी काही शेल्फं पुसून टाकली. वाईट परीक्षण मिळालं म्हणून वाचकांशी ऑनलाइन भांडणारे, त्यांना टोचून बोलणारे काही लेखक तेव्हा होते. वाचकांनी त्यांची पुस्तकं 'वाईट वागणारे लेखक' अशा अर्थाच्या शेल्फांवर ठेवली होती. ती शेल्फं गेली. लेखकाच्या वागण्याबद्दल लिहिलेली परीक्षणंही गेली. मग ग्राहकसेवा विभागाच्या प्रमुखांनी साइटवरच्या एका चर्चागटात नवा नियम जाहीर केला: लेखकाच्या वागणुकीवर भर असलेला मजकूर यापुढे काढून टाकला जाईल. परीक्षण पुस्तकाबद्दल असावं. नियम 'यापुढे'चा होता, पण कात्री मागचं कापून मोकळी झाली होती.

कंपनीने नंतर सांगितलं की याची झळ २१ सदस्यांना बसली. न कळवता मजकूर काढला याबद्दल तिने माफी मागितली आणि जुन्या मजकुराच्या बाबतीत इथून पुढे आधी कळवू, असं आश्वासन दिलं. नियम मात्र कायम राहिला. तेव्हा गुडरीड्सचे दीड कोटीहून जास्त सदस्य होते. त्यातले २१ म्हणजे डॅशबोर्डवर दिसणारही नाही इतका छोटा आकडा. मी अकरावी-बारावीच्या क्लासेसमध्ये अडकलेले होते आणि यातलं काहीही मला माहीत नव्हतं. पुढे इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये त्या साइटवर लिहायला लागले, तेव्हा तो नियम भिंतीसारखा तिथे आधीच उभा होता. घरात जन्मापासून असलेली भिंत कुणी बांधली, हे आपण विचारत नाही. हा लेख त्या भिंतीबद्दल आहे.

*

आधी जागेचा सातबारा पाहू.

गुडरीड्स २००७ साली सुरू झालं. ओटिस चँडलर आणि एलिझाबेथ खुरी चँडलर या जोडप्याने ते सुरू केलं. मित्राच्या घरी गेल्यावर आपण त्याच्या कपाटाकडे बघतो, तसं सगळ्यांचं कपाट सगळ्यांना बघता यावं, ही साधी कल्पना. पुस्तकांची प्राथमिक माहिती बरीचशी ॲमेझॉनकडून यायची. त्या माहितीबरोबर येणाऱ्या अटी जाचक झाल्या, म्हणून २०१२च्या सुरुवातीला गुडरीड्सने ती घेणं थांबवलं. मग हजारो पुस्तकांच्या नोंदी उडण्याची वेळ आली. त्या वाचवायला कोण धावलं? सदस्यच. लोकांनी घरातलं पुस्तक हातात घेऊन पानांची संख्या, प्रकाशक, मुखपृष्ठ अशा नोंदी भरल्या. पगार नाही, मानधन नाही. आपल्याकडे गावातलं ग्रंथालय जसं चार निवृत्त शिक्षकांच्या जिवावर चालतं, तसंच.

पुढच्याच वर्षी, २८ मार्च २०१३ला, ॲमेझॉनने गुडरीड्स विकत घेत असल्याची घोषणा झाली. तेव्हा सदस्य होते १ कोटी ६० लाख. अशी खरेदी पहिलीही नव्हती. २००८ साली ॲमेझॉनने शेल्फारी ही अशीच साइट घेतली होती. तिला २०१६मध्ये गुडरीड्समध्ये विलीन करून बंद केलं. २००८मध्येच जुन्या पुस्तकांच्या विक्रीची एबबुक्स ही कंपनी घेतली, आणि एबबुक्सचा लायब्ररीथिंगमध्ये हिस्सा असल्याने तिथेही ॲमेझॉनचा पाय टेकला. म्हणजे पुस्तकांचं दुकान, ई-बुकचं यंत्र, स्वतःचं पुस्तक स्वतः छापायची सोय, ॲमेझॉनच्या मालकीच्या प्रकाशनसंस्था आणि वाचकांचा पार हे सगळं एकाच मालकाचं झालं.

सप्टेंबर २०१३च्या सुरुवातीला ॲमेझॉनने नवा किंडल पेपरव्हाइट जाहीर केला. त्यात गुडरीड्स आतच जोडलेलं असणार होतं. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत तो नियम आला. यावरून 'किंडलसाठीच हे केलं' असं सिद्ध होत नाही आणि मला तसं म्हणायचंही नाही. कटकारस्थानाची गरजच नाही इथे. घराचा ओटा दुकानाच्या शटरला लागून असला, की ओट्यावरच्या गप्पा शटरच्या आत ऐकू जातात आणि मालक म्हणतो, जरा हळू बोला, गिऱ्हाईक आहे. त्यासाठी त्याला दुष्ट असावं लागत नाही.

*

आता त्या नियमाकडे एक मजकूर म्हणून बघू. समीक्षेत आपण कवितेतला एक शब्द धरून अर्धा तास बोलतो. मग ज्या वाक्याने कोट्यवधी लोकांचं लिहिणं आखून दिलं, त्याला दहा मिनिटं द्यायला हरकत नाही.

'परीक्षण पुस्तकाबद्दल असावं.' ऐकायला किती रास्त! पण पुस्तक कुठे संपतं आणि लेखक कुठे सुरू होतो, हा प्रश्न साहित्यविचारात शतकभर तरी धुमसतो आहे. रोलां बार्थने १९६७मध्ये एका निबंधात लेखकाचा मृत्यू जाहीर केला. २०१३मध्ये ग्राहकसेवा विभागाने त्याची अंमलबजावणी केली. फरक इतकाच की बार्थने लेखकाला बाजूला सारलं ते वाचकाला मोकळं करण्यासाठी. इथे लेखकाला वगळलं, आणि तोंड वाचकाचं बंद झालं.

आपल्याकडेही 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा फडके-खांडेकरांच्या काळातला वाद दहावी-बारावीच्या गाइडपर्यंत पोचलेला आहे. त्या वादाचा निकाल लागला नाही, आणि लागला नाही हेच बरं झालं. मराठी समीक्षा त्या न लागलेल्या निकालावरच जगली आहे.

एक ठोस उदाहरण घेते. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२चा. मराठी कवितेची भाषा त्याने उलटीपालटी केली, याबद्दल दुमत नाही. १९८४मध्ये मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन आलं. ढसाळांबरोबरच्या संसाराबद्दल त्यात त्यांनी काही राखून न ठेवता लिहिलं. आज एखादी विशीतली मुलगी ही दोन पुस्तकं पाठोपाठ वाचते. तिला 'गोलपिठा' आता पहिल्यासारखा वाचता येत नाही. शोषितांच्या बाजूने इतक्या पेटून लिहिणाऱ्या कवीच्या घरात काय चाललं होतं, हा प्रश्न तिला सोडत नाही. ती परीक्षण लिहिते. त्यातला निम्म्याहून जास्त भाग कवीच्या वागण्याबद्दल आहे. हे परीक्षण 'पुस्तकाबद्दल' आहे की नाही?

माझ्या मते ते पूर्णपणे पुस्तकाबद्दल आहे. दुसरा कुणी म्हणेल, कवितेला कवीच्या संसाराची फूटपट्टी लावू नका. तोही वाचनाचा एक मार्ग आहे आणि त्याच्या बाजूनेही भक्कम युक्तिवाद आहेत. या दोघांचं भांडण म्हणजेच समीक्षा. नियमाने त्या भांडणात एका बाजूचा वकील आधीच बाहेर काढला. कंपनी म्हणेल, आमचा रोख अशा परीक्षणांवर नव्हताच, साइटवर हुज्जत घालणाऱ्या लेखकांच्या भानगडींवर होता. असेल. पण नियम वाचला जातो त्यातल्या शब्दांप्रमाणे. त्याचा अर्थ लावणारा माणूस कोण, त्याने यातलं काय वाचलंय आणि त्याच्यापुढे दिवसाला किती तक्रारींचा ढीग आहे, हे परीक्षण लिहिणाऱ्या मुलीला कधीच कळत नाही.

मराठीत तर हा प्रश्न पावलोपावली येतो. सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९०मध्ये आलं आणि पु. ल. देशपांडे महाराष्ट्राला थोडे वेगळे दिसू लागले. त्यानंतर पुलंच्या एखाद्या पुस्तकाबद्दल लिहिताना ते आठवणं हा विषयांतराचा गुन्हा कसा होईल? दलित आत्मकथनांचं काय? दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये लेखकाचं जगणं वजा केलं तर शिल्लक काय राहतं? आणि उलट टोकाला, हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद आपल्याकडच्या पुस्तकांच्या ठेल्यांवर आजही दिसतो. त्याचं परीक्षण लेखकाच्या वागणुकीचा विषय न काढता लिहून दाखवा.

*

मग हा नियम इतका सोपा आणि रास्त का वाटतो? कारण तो दुसऱ्या एका दुनियेतून आलाय. मिक्सरबद्दल अभिप्राय लिहिताना मिक्सर कंपनीच्या मालकाच्या स्वभावाबद्दल लिहिणं खरंच विषयांतर असतं. मिक्सर चटणी बारीक करतो का, आवाज किती करतो, जार गळतो का, एवढंच लिहावं. 'वस्तूबद्दल लिहा, विक्रेत्याबद्दल नको' हे दुकानाचं शहाणपण आहे आणि दुकानात ते योग्यच आहे. गुडरीड्सवर ते शहाणपण पुस्तकांना लागू झालं, तेव्हा परीक्षणाचं रूपांतर ग्राहकाच्या अभिप्रायात झालं. माझा खरा आक्षेप इथे आहे. २१ लोकांचा मजकूर गेला, हे नुकसान भरून येण्यासारखं होतं. व्याख्या बदलली, ते नुकसान रोज चालू राहिलं.

दुकानाचं तर्कशास्त्र पुस्तकांना लावल्यावर काय होतं, हे ॲमेझॉनच्याच दुकानात दोनदा ठळकपणे दिसलं. सप्टेंबर २०१७मध्ये हिलरी क्लिंटन यांचं 'व्हॉट हॅपन्ड' बाजारात आलं. पहिल्याच दिवसात त्याच्यावर एका ताऱ्याच्या अभिप्रायांची रांग लागली. इतक्या लोकांनी इतक्या लवकर पुस्तक वाचणं अशक्य होतं. ॲमेझॉनने शेकडो अभिप्राय काढले. मला यात गैर वाटत नाही. न वाचता मारलेला दगड म्हणजे परीक्षण नव्हे.

दुसरं उदाहरण वेगळं. रॉयटर्सने डिसेंबर २०२१मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, चीनमधल्या ॲमेझॉनच्या साइटवर शी जिनपिंग यांच्या भाषणांच्या आणि लेखनाच्या पुस्तकाला पाचपेक्षा कमी तारे मिळाल्याने तिथल्या सरकारने आक्षेप घेतला. त्यानंतर त्या पुस्तकाखालची अभिप्राय आणि तारे द्यायची सोयच बंद करण्यात आली. इथे कुणी न वाचता दगड मारले, असा प्रश्नच नव्हता. मालकाला त्या देशात धंदा करायचा होता, इतकंच.

दोन्ही वेळा बटण एकच दाबलं गेलं. एकदा प्रामाणिक वाचनाच्या बाजूने, एकदा सत्तेच्या बाजूने. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही वेळी दिसतं ते एवढंच, की काल इथे काहीतरी होतं, आज नाही. कारण सांगायचं बंधन नसलं की चांगल्या आणि वाईट निर्णयातला फरक आपल्याला दिसत नाही. म्हणून 'या वेळी त्यांनी बरोबर केलं' हे समाधान पुरेसं नाही.

*

लेखकांची बाजूही खोटी नाही. २०१२-१३च्या आसपास गुडरीड्सवरची काही परीक्षणं नुसती शिवीगाळ होती, हे मान्य करायला हवं. पहिलंच पुस्तक स्वतःच्या पैशाने छापलेल्या माणसाला शंभर अनोळखी लोकांनी एका रात्रीत घेरलं, तर ते सोसणं सोपं नसतं. धमकी आणि बदनामी हटवलीच पाहिजे. त्यावर माझा काडीचाही आक्षेप नाही.

पण त्याच काळात वाचकांच्या बाजूलाही जखमा झाल्या. २०१२मध्ये गुडरीड्सवरच्या 'गुंडां'विरुद्ध म्हणून एक साइट निघाली आणि तिने काही परीक्षण लिहिणाऱ्यांची खरी नावं आणि ठावठिकाणा उघड केला. ऑक्टोबर २०१४मध्ये कॅथलीन हेल या अमेरिकन लेखिकेने 'द गार्डियन'मध्ये एक लांबलचक लेख लिहून स्वतःच सांगितलं, की आपल्या कादंबरीला वाईट शेरा देणाऱ्या एका वाचकाचा पत्ता मिळवून आपण तिच्या घरापर्यंत गेलो होतो. ही लेखकाची वागणूक आहे. नियमाच्या भाषेत, हेलच्या कादंबरीखाली याबद्दल लिहिलं तर ते विषयांतर. मला मात्र त्या कादंबरीखाली परीक्षण लिहिण्याआधी ही माहिती हवी आहे. कदाचित सगळ्यांत आधी हीच हवी आहे.

आणि त्या नियमाने लेखक तरी वाचले का? जून २०२३मध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी आपली 'द स्नो फॉरेस्ट' ही कादंबरी मागे घेतली. ती गेल्या शतकातल्या सायबेरियात घडते. युक्रेनवरचं युद्ध चालू असताना रशियावरची कादंबरी नको म्हणून पुस्तकाच्या पानावर एका ताऱ्याचा पाऊस पडला होता. पुस्तक अजून छापलंही गेलं नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केट कोरेन या नवोदित लेखिकेने कबूल केलं, की बनावट खाती काढून तिने इतर नवोदितांच्या पुस्तकांना कमी तारे दिले होते. तिच्या प्रकाशकाने तिचं पुस्तक रद्द केलं. त्याच वर्षी गुडरीड्सने, एखाद्या पुस्तकावर अचानक असं काही होऊ लागलं तर तिथे तारे आणि परीक्षणं द्यायची सोय तात्पुरती थांबवण्याची तरतूद जाहीर केली. आधीच्या नियमाला दहा वर्षं झाली होती.

मी पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचं काम करते. त्यामुळे मला यात एक तांत्रिक गंमत दिसते. बनावट खात्याला इतिहास नसतो. पाच मिनिटांत काढलेलं खातं उडवलं, तर पुढच्या पाच मिनिटांत दुसरं निघतं. शिक्षेची किंमत शून्य. याउलट जिची पाच वर्षांची सातशे परीक्षणं आहेत, जिला लोक तिच्या आवडीनिवडीसकट ओळखतात, तिचं एक शेल्फ काढलं तरी तिचा जीव तुटतो. मजकूर हटवण्याचं हत्यार ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही आहे त्यालाच लागतं. म्हणून २०१३चा नियम टोळधाडीला अडवू शकला नाही. जे स्वतःच्या ओळखीने, सातत्याने, कधी कधी कडवट पण स्वतःच्या मताने लिहीत होते, तेच त्याखाली सापडले.

त्यांनी मग काय केलं? काढलेली परीक्षणं दुसऱ्यांनी आपापल्या खात्यावरून पुन्हा टाकली. एक कापलं की दोन उगवायची. भलत्याच पुस्तकांखाली निषेधाची परीक्षणं आली. तीही काढली गेली. काही जण बुकलाइक्सवर निघून गेले. काही सदस्यांनी वर्ष संपण्याआधी त्या सगळ्या लिखाणाचं 'ऑफ-टॉपिक' नावाचं पुस्तकच काढलं. ज्याला 'विषय सोडून' म्हटलं गेलं, तेच शीर्षक झालं. वाचकांनी आपल्या परीक्षणांच्या बचावासाठी पुस्तक छापावं, हे उत्तर मला अतिशय आवडतं. कागदावरचा मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवरून उडत नाही.

*

याला सेन्सॉरशिप म्हणावं का, यावर मित्रांमध्ये नेहमी वाद होतो. 'खासगी कंपनी आहे, तिची साइट, तिची मर्जी,' हे उत्तर तयार असतं. कायद्याच्या दृष्टीने ते बरंचसं खरं आहे. अमेरिकेतली अभिव्यक्तिस्वातंत्र्याची घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते, कंपनीचे नाही. १९९६च्या कायद्यातलं कलम २३० कंपन्यांना मजकूर काढण्याची मोकळीक देतं.

पण महाराष्ट्राला सेन्सॉरचा अनुभव आहे, तर तो इथे ताडून पाहू. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाने अडवलं, तेव्हा कमलाकर सारंग कोर्टात गेले आणि जिंकले. त्याची हकिगत 'बाइंडरचे दिवस'मध्ये त्यांनी लिहून ठेवली आहे. त्या सेन्सॉरला नाव होतं, पत्ता होता. कुठली वाक्यं काढा, हे त्याला सांगावं लागत होतं. त्याच्या वर न्यायाधीश होता. गुडरीड्सच्या २१ सदस्यांना यातलं काय मिळालं? एक ईमेल, आणि नंतर एक माफी. सरकारी सेन्सॉरचं मी कौतुक करत नाहीये. पण कात्रीला जाब विचारता येणं आणि न येणं यात फरक आहे, आणि या कसोटीवर कंपनीची कात्री सरकारी कात्रीपेक्षा जास्त मोकाट निघते.

सुदैवाने हा फरक भरून काढायला मोठं तत्त्वज्ञान लागत नाही. लागते ती साधी कार्यपद्धती. २०१३च्या आधी गुडरीड्सचीच पद्धत वेगळी होती: लेखकाच्या वागण्याबद्दलचं परीक्षण पुस्तकाच्या मुख्य पानावर दिसायचं नाही, पण लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या पानावर राहायचं. आमच्या भाषेत, नोंद तशीच ठेवून फक्त कुठे दिसेल ते बदलायचं. हा तोडगा मला आजही पटतो. पुस्तकाच्या दुकानदर्शनी पानावर काय मांडायचं, हे मालकाने ठरवावं. माझ्या कपाटात काय राहील, ते मी ठरवावं. नोंद लपवणं आणि नोंद पुसणं यांत कोडच्या दृष्टीने एका ओळीचा फरक असतो. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो फरक दार लावून घेणं आणि घर पाडणं यांच्याइतका आहे.

कायदेही हळूहळू तिकडे वळत आहेत. भारतात २०२१च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनुसार, देशात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाने स्वतःहून मजकूर काढला, तर लिहिणाऱ्याला आधी कळवावं, कारण द्यावं आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी, अशी तरतूद आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात कारण देण्याचं बंधन आहे. तो फेब्रुवारी २०२४पासून पूर्णपणे लागू झाला. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक मानक आणलं, पण त्याची नजर पुन्हा ग्राहकावर आहे. हॉटेल, मिक्सर, कादंबरी, सगळे एका रांगेत. वाचक ही ग्राहकाहून वेगळी जात आहे, हे अजून कुठल्याच नियमाला सुचलेलं दिसत नाही.

*

मराठीत लिहिणाऱ्यांना याची झळ जास्त का बसू शकते, ते सांगून थांबते.

इंग्रजीतल्या लोकप्रिय कादंबरीखाली हजारो परीक्षणं असतात. त्यातलं एक गेलं तर पुस्तकाला काही होत नाही. गुडरीड्सवर कितीतरी मराठी पुस्तकांची पानं अशी आहेत, की तिथे तीन-चार परीक्षणं सापडली तर आपण खूश होतो. एक इंग्रजीत, एक रोमन लिपीतल्या मराठीत, एक कुणीतरी रात्री दोन वाजता लिहिलेलं, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेलं आणि अप्रतिम. त्या चारातलं एक पुसलं, तर त्या पुस्तकाच्या तिथल्या वाचनाचा पाव हिस्सा गेला. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत परीक्षणाची जागा आक्रसत गेली, तशी पुस्तकांवरची बोलाचाली अशा पानांवर आली. उद्या कुणाला २०२०च्या दशकात मराठी वाचक काय वाचत होते आणि काय म्हणत होते, हे शोधायचं असेल, तर त्याला या कंपन्यांच्या दारात उभं राहावं लागेल. आणि दार दरवर्षी थोडं अरुंद होतंय: गुडरीड्सने डिसेंबर २०२०मध्ये बाहेरच्या प्रोग्रामरना एपीआयच्या नव्या किल्ल्या देणं बंद केलं. म्हणजे तिथली माहिती वापरून कुणी मराठी परीक्षणांचा साधा शोधक बनवायचा म्हटलं, तर सरळ रस्ता उरलेला नाही.

पर्याय आहेत. नादिया ओदुनायो या सॉफ्टवेअर इंजिनिअर बाईने २०१९मध्ये सुरू केलेलं स्टोरीग्राफ कुठल्या दुकानाच्या मालकीचं नाही. बुकवर्म नावाची प्रणाली आहे. ती आपल्या सर्व्हरवर चालवता येते, आणि असे वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी बोलू शकतात. एखाद्या मराठी ग्रंथालयाने किंवा चार हौशी पोरांनी तसा एक उभारणं अशक्य नाही. खर्च महिन्याला एका बऱ्या हॉटेलातल्या जेवणाइतका. पण सगळ्यांनी उठून तिकडे जा, असा उपदेश मी करणार नाही. पार तिथेच असतो, जिथे माणसं बसतात, आणि माणसं अजून गुडरीड्सवरच आहेत. मीही आहे.

तोवर एक काम मात्र प्रत्येकाला करता येतं. गुडरीड्सच्या वेबसाइटवर 'माय बुक्स'मध्ये निर्यातीची सोय आहे. त्यातून आपली पुस्तकं, तारे, शेल्फांची नावं आणि परीक्षणं एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात. ॲप बाजूला ठेवून ब्राउझर उघडावा लागतो, एवढाच त्रास. फाइलमध्ये परीक्षणाखाली रंगलेली भांडणं येत नाहीत. कुणी विचारलेलं, 'ताई, हे पुस्तक मिळेल कुठे?' तेही येत नाही. निर्यात केलेलं परीक्षण हे वाड्यातून काढून आणलेल्या सागवानी खांबासारखं असतं. खांब आला, वाडा आला नाही. तरी खांब आणावा. आणि पुढचं परीक्षण लिहिताना, लेखक कसा वागला हे त्याच्या पुस्तकाशी जोडलेलं आहे असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर ते लिहावं, का वाटतं तेही लिहावं, आणि 'पोस्ट' दाबायच्या आधी एक प्रत स्वतःकडे ठेवावी.